बाजाराच्या दिवशी एक खोली

यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीची मागणी नवी नाही. शेजारचा वर्धा जिल्हा गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून सत्तरच्या दशकापासून कागदोपत्री कोरडा आहे. गडचिरोलीत लोकांच्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविली गेली. असा शेजार लाभल्यामुळे आपल्याकडेही महिलांचे मोर्चे निघतात, 'स्वामिनी'सारखी आंदोलने उभी राहतात, एखाद्या गावात 'उभी बाटली की आडवी बाटली' असे मतदान होऊन दुकानाला कुलूप लागते. त्यावर मग महसुलाचा, चोरट्या विक्रीचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा वाद झडतो. तो वाद आवश्यक आहे. त्यात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तो नाही.

विषय त्याहून लहान आहे, आणि लहान असल्यामुळेच की काय, तो कोणी काढीत नाही. ज्या माणसाला दारूने पुरते धरले आहे आणि ज्याला ती सोडावयाची आहे, त्याने येत्या आठवड्यात नेमके कोठे जावे? दारूचे दुकान कोठे आहे हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. परवान्याचे कोठले, विनापरवान्याचे कोठले, मोहफुलाची कोणत्या नाल्याकाठी मिळते, हेदेखील सांगेल. पण दारू सोडलेली माणसे कोठे एकत्र बसतात असे विचारले, तर शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कोणालाच पटकन उत्तर देता येत नाही. मलाही येत नव्हते. त्यासाठी एका सहकाऱ्याच्या संसाराची बारा वर्षे जावी लागली.

हे सहकारी गणित शिकवीत. उत्तम शिकवीत. सोमवारी त्यांची गैरहजेरी ठरलेली, आणि त्यांचा तास आमच्यापैकी कोणीतरी घेणार हेही ठरलेले. तपासणीला अधिकारी आले की "सरांना ताप आहे" असे सांगण्याचे काम बहुधा माझ्याकडे असे. आम्ही याला माणुसकी म्हणत होतो. त्यांच्या पत्नी पगाराच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहत. पुढे पगार बँकेत जमा होऊ लागला तेव्हा त्या बँकेच्या पायरीवर उभ्या राहू लागल्या. आम्ही नमस्कार करून पुढे जात होतो. त्यांच्याशी थांबून बोलावे, असे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही, आणि सुचले असते तरी बोलावे काय हे कळले नसते.

सरांनी दारू सोडण्याचा प्रयत्न केला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, शेगावला जाऊन घेतली, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी डायरीत लिहून घेतली. एकदा घरच्यांनी जाहिरातीतली एक पूड मागवून त्यांच्या नकळत चहात मिसळली. "न सांगता दारू सोडवा" असे भिंतींवर, एस.टी.च्या मागच्या पत्र्यावर आणि (हेही मान्य करावयास हवे) वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत छापून येते, त्यांपैकीच ती एक. अशा पुड्यांत काय असते ते विकणाराच जाणे. दारूशी न जुळणारे औषध, जे डॉक्टर रोग्याला पूर्ण कल्पना देऊनच देतात, ते चोरून पोटात गेले आणि वर दारू पडली, तर माणूस प्राणास मुकू शकतो. सर नुसत्या उलट्यांवर वाचले.

शपथेविषयी येथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या सगळ्या उपायांचा पाया तोच आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये प्रथम रंगभूमीवर आले, आणि दारूड्या कसा असतो याची मराठी माणसाची कल्पना त्या नाटकाने कायमची घडविली. सुधाकर बुद्धिमान, मानी, सिंधू सोशिक, शेवट विनाशाचा. पण नाटक पुन्हा वाचताना एक वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते. पिणाऱ्यांपाशी तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' आहे. तेथे सोबत आहे, विनोद आहे, येणाऱ्याचे स्वागत आहे. सोडू पाहणाऱ्या सुधाकराला मात्र कोणतेही मंडळ नाही. त्याच्यापाशी एक पतिव्रता पत्नी आहे, एक सज्जन मित्र आहे आणि स्वतःचा निश्चय आहे. दोघेही त्याच्यावर प्रेम करतात. पण प्याल्याशी झुंजणे म्हणजे काय हे दोघांपैकी कोणीही भोगलेले नाही. शंभर वर्षे आपण या नाटकावर रडलो, परंतु सुधाकराला जे मिळाले नाही ते आपल्या गावातल्या सुधाकरांना मिळावे यासाठी फारसे काही केले नाही.

ते काय असावे याचे उत्तर १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी, जवळजवळ अपघाताने, सापडले. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल व्यवहारासाठी तेथे आला होता. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. व्यवहार फसला. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता. एका बाजूला दारूचा गुत्ता, तेथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते, आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन व त्याच्या शेजारी गावातल्या चर्चची यादी. आपण आता गुत्त्यात शिरणार हे त्याला कळले. त्याने यादीतील एका धर्मोपदेशकाला फोन लावला आणि मागितले ते उपदेश किंवा आशीर्वाद नव्हेत. मला या गावातला एखादा दारूडा भेटवा, मला त्याच्याशी बोलावयाचे आहे, असे त्याचे मागणे होते. एकातून दुसरा फोन होत अखेर डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. डॉक्टरही पराकोटीचे मद्यासक्त. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही असे बजावून आलेले डॉक्टर काही तास बसले. कारण समोरचा माणूस त्यांना सुधारावयास आला नव्हता. तो स्वतःचा जीव वाचविण्यासाठी आला होता. डॉ. बॉब यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि हाच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे 'अनामिक मद्यपी' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. १९५७ पासून हे काम भारतातही, मुंबईत, सुरू झाले. आज त्याला सगळे नुसते 'ए.ए.' म्हणतात.

आमच्या सरांना याचा पत्ता कोणा तज्ज्ञाने दिला नाही. एकदा रक्ताची उलटी होऊन ते रुग्णालयात दाखल होते. सुटीच्या दिवशी तेथील एका वॉर्डबॉयने त्यांना विचारले, "सर, घरी गेल्यावर संध्याकाळी कोणाजवळ बसाल?" सरांना उत्तर देता आले नाही. त्याने औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर जिल्ह्याबाहेरच्या एका शहरातील पत्ता आणि वार लिहून दिला. तो स्वतः तेथे जात असे. आठवडाभर ती चिठ्ठी सरांच्या खिशात होती. रविवारी त्यांनी मला बरोबर चलण्याविषयी विचारले. एकट्याने गेलो तर बसस्थानकावरूनच परत येईन, असे ते म्हणाले, आणि ते खरे होते.

या सभांपैकी काही खुल्या असतात, तेथे माझ्यासारख्याला मागे बसता येते. काही केवळ मद्यपींसाठी. आम्ही गेलो ती खुली होती. एका शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे आखडून बसली होती. तेथे कोण काय बोलले ते येथे लिहिता येणार नाही. 'येथे ऐकलेले येथेच राहील' हा त्या खोलीचा पहिला नियम आहे आणि तो मी पाळावयाचे ठरविले आहे. पण व्यवस्थेविषयी सांगावयास हरकत नसावी, कारण तीच अनेकांना ठाऊक नसते आणि न गेलेल्या माणसाची भीती बहुधा व्यवस्थेविषयीच असते. तेथे प्रवेशअर्ज नव्हता. मस्टर नव्हते. आपण आपले पहिले नाव सांगावे, तेही नको असेल तर सांगू नये. सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा, सुटलेली असण्याची अट नाही. अध्यक्ष दर खेपेस बदलतो. हारतुरे, सत्कार, प्रास्ताविक, आभारप्रदर्शन यांपैकी काहीही नाही, आणि आपल्याकडील सभांची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीस त्यामुळेच चुकल्यासारखे होते. एक जण बोलतो तेव्हा दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, चूक काढीत नाही. बोलणारा स्वतःपुरते बोलतो. नंतर चहा. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत. नाही टाकले तर कोणी पाहत नाही. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. मी भिडेपोटी नोट पुढे केली तेव्हा हसून परत देण्यात आली.

मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते एका गोष्टीने. एक गृहस्थ दोन वर्षे दारूपासून दूर राहून त्याच आठवड्यात पुन्हा प्याले होते. त्यांनी ते सांगितले, इतकेच मी येथे लिहितो. मी वाट पाहत होतो की आता कोणी बोल लावील. कोणीही लावला नाही. पुढच्या बाकावर त्यांना जागा करून देण्यात आली आणि त्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे वारकरी संप्रदायात माळ घातलेला माणूस दारूला शिवत नाही, आणि माळेने किती घरे सावरली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. गाडगेबाबांची कीर्तने आणि तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थना यांनीही वऱ्हाडातली कित्येक गावे सावरली. हे ऋण मोठे आहे. परंतु ज्याची माळ एकदा तुटली तो पुन्हा दिंडीत तोंड दाखवावयास धजत नाही, शरमेने वाट वाकडी करतो, आणि ती वाट बहुधा गुत्त्याकडे जाते. ज्याचे व्रत मोडले त्याला बसावयास जागा, एवढीच त्या वर्गखोलीची मिळकत होती.

याने खरोखर काही साधते काय, असे कोणी शास्त्रबुद्धीने विचारले तर ते योग्यच होईल. २०२० मध्ये 'कॉक्रेन' या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण यांचा आढावा प्रसिद्ध केला. पूर्णपणे दारू सोडून राहण्याच्या बाबतीत, ए.ए.कडे पद्धतशीर वळविणारे उपचार हे इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीस तोड, किंबहुना काही बाबतींत सरस, असे त्यात आढळले; शिवाय खर्च कमी. अर्थात सर्वांना याचा उपयोग होतो असे नाही. काहींना त्या बारा पायऱ्यांतील ईश्वराचा उल्लेख पटत नाही. 'आम्हाला उमगेल तसा ईश्वर' अशी मोकळीक त्यात ठेवलेली आहे, तरी नास्तिकाला ती पुरेलच असे नाही आणि त्याने दुसरा मार्ग घ्यावा हे बरे.

आणखी एक इशारा दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून ती एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊन वात होतो, त्यात मृत्यूही ओढवतो. पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. फोनवर विचारावयाचे तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून १४४१६ हे निःशुल्क क्रमांक आहेत. खोलीतली सभा ही औषधाची जागा घेत नाही. औषध संपल्यानंतरच्या संध्याकाळी ती लागते.

पुण्याच्या मुक्तांगणने हे मर्म पहिल्यापासून ओळखले होते. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ते केंद्र सुरू केले. तेथील मुक्काम साधारण ३५ दिवसांचा. परंतु मुक्काम संपल्यावर गावोगावी होणाऱ्या पाठपुराव्याच्या सभांना आणि पत्नींच्या 'सहचरी' गटाला तेथे उपचाराचाच भाग मानतात. मुक्तांगणमधून सुटून आलेला माणूस यवतमाळच्या गाडीत बसतो तेव्हा त्याची दारू सुटलेली असते. त्याचे गाव मात्र तेच असते, मित्र तेच, नाका तोच.

मागणी किती आणि सोय किती याचा अंदाज एका आकड्यावरून यावा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी एकाच व्यक्तीला कसलेतरी उपचार मिळाल्याचे दिसले. रुग्णालयात राहून उपचार मिळाले ते १८० मध्ये एकाला. हे देशाचे चित्र. ज्या जिल्ह्याचे नाव कापसापेक्षा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वर्तमानपत्रांत अधिक वेळा येते, तेथे यापेक्षा बरे असण्याचे कारण दिसत नाही. शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात यवतमाळही होते. आशा कार्यकर्ती दारात येऊन दोन प्रश्न विचारते हे चांगलेच आहे. पण "दारू पिता काय?" याचे उत्तर "हो" असे आले, तर पुढे कोठे पाठवावयाचे, हा प्रश्न तिच्याही पुढे उभा राहतो.

येथे दारूबंदीवाद्यांना एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. ए.ए. ही संघटना दारूबंदीच्या बाजूने बोलत नाही आणि विरोधातही बोलत नाही; बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर मत द्यावयाचे नाही असा तिचा दंडक आहे. आपल्या कार्यकर्त्यांना हे पळपुटेपणाचे वाटते. त्यामागे इतिहास आहे. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि 'वॉशिंग्टोनियन' नावाची चळवळ काढली. पाहता पाहता ती देशभर पसरली. मग तीत सुधारक शिरले, वक्ते शिरले, बंदीचे राजकारण शिरले, आणि दहा वर्षांच्या आत तिचा मागमूस उरला नाही. दारूड्यांना बोलावयास जी जागा होती तेथे दारूड्यांविषयी बोलणारे येऊन बसले. आपल्या जिल्ह्यात असा गट उभा राहिला, तर त्याच्या खोलीत पुढाऱ्याला, वार्ताहराला आणि आंदोलनाच्या फलकाला बंदी असली पाहिजे. बंदी आली तरी ही खोली लागेल आणि न आली तरी लागेल. चंद्रपूर कोरडे असताना वर्धा नदीचा पूल ओलांडून आमच्या वणीकडे येणाऱ्यांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे फोड करून सांगावयास नको.

आता मुख्य अडचण. मोठ्या शहरात अनामिक राहणे सोपे. तेथे एका पेठेतला माणूस दुसऱ्या पेठेत गेला की संपले. दारव्हा, घाटंजी, मारेगाव, उमरखेड अशा गावांत कोण कोणत्या दारात शिरले हे घटकाभरात सर्वांना कळते. यातला विरोधाभास मोठा चमत्कारिक आहे: पिण्यासाठी दुकानाच्या पायऱ्या चढताना ज्याला लाज वाटत नाही, त्यालाच सोडण्यासाठी एका वर्गात शिरताना वाटते, कारण पहिल्या ठिकाणी तो 'घेतो' एवढेच लोक म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी गेला की त्याच्यावर 'दारूड्या' असा शिक्का बसतो. शिक्षकाला आणि कारकुनाला तर नोकरीचीही धास्ती. दुसरी अडचण एस.टी.ची. सभा बहुधा संध्याकाळी सात-साडेसातला, आणि खेड्याकडची शेवटची गाडी त्याआधीच निघून गेलेली. आमच्या सरांनी पहिली दोन वर्षे दर रविवारची रात्र त्या शहराच्या बसस्थानकावर काढली. बसस्थानकासमोर काय असते ते वाचकांस ठाऊक आहे. २०२० च्या महामारीत या सभा मोबाइलवरही होऊ लागल्या आणि अनेकांस त्याचा आधार झाला हे खरे. परंतु एका खोलीच्या घरात, मुलांसमोर, मोबाइलवर आपले पाप सांगणे हे किती जणांस जमावे? आणि पोडावरच्या कोलाम मजुराला तर तेही नाही.

म्हणून एक साधी सूचना. तालुक्याच्या गावी आठवडी बाजार भरतो त्या दिवशी, दुपारी बारा ते दीड, एका शाळेची किंवा ग्रंथालयाची एक खोली यासाठी मिळावी. बाजाराच्या दिवशी भोवतालच्या साऱ्या खेड्यांतून गाड्या येतात आणि दिवसा परत जातात. त्या दिवशी माणूस गावात कशाला आला हे कोणी विचारीत नाही. हातात पिशवी असली की झाले. आणि बाजाराचा दिवस हाच मजुराच्या हातात पैसा असण्याचा आणि म्हणून सर्वांत अधिक दारू खपण्याचा दिवस आहे. ज्या तासाला मोह प्रबळ, त्याच तासाला शंभर पावलांवर दुसरी एक जागा उघडी असावी. शेजारची खोली मिळाली तर फारच बरे, कारण बाजाराला बाया येतातच. मद्यपींच्या घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' नावाची वेगळी संघटना १९५१ पासून आहे. नवरा आला नाही तरी बायकोने यावे, ही त्यातली मोठी सोय. स्वतः पिणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत बसवून तो सुटणार नाही.

यावर शाळांचे आक्षेप काय असतील ते मी जाणतो, मीच ते पूर्वी घेतले असते. शाळेत दारूडे येणार? येतील; मात्र पिऊन येणाऱ्याला बाहेर नेऊन चहा पाजण्याचे काम त्या गटाला शाळेपेक्षा चांगले जमते. बाजाराच्या दिवशी शाळा भरलेली असेल तर खोली मागच्या बाजूची द्यावी, नाहीतर ग्रंथालय आहेच. पालक काय म्हणतील? ज्या पालकांच्या मुलांच्या फिया त्या दुकानात जातात, त्यांतल्या आयांना एकदा विचारून पाहावे. खर्चाचा प्रश्न नाही, कारण हे लोक फुकट खोली घेत नाहीत. पिशवीत जमेल त्यातून भाडे देतात आणि पावती मागतात. उद्‌घाटन करू नये, फलक लावू नये, वृत्त छापून आणू नये. माहिती मिळावयास हवी ती आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला, औषधाच्या दुकानदाराला, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला आणि शाळेच्या शिपायाला, कारण अशा माणसाची गाठ पहिल्यांदा त्यांच्याशीच पडते. आणि आम्हां सहकाऱ्यांनी मस्टर सांभाळण्याची ती माणुसकी बंद करून, त्याऐवजी एका रविवारी बरोबर बसमध्ये बसावे.

सर आता निवृत्त आहेत. ते अजूनही दर आठवड्याला त्या शहरात जातात. वर्षे किती झाली असे विचारले तर आजचाच दिवस मोजतात. आपल्या गावी अशी खोली मिळाली तर बाजाराच्या दिवशी दुपारी तेथे येऊन बसण्याची त्यांची तयारी आहे. पहिले काही महिने कदाचित कोणीच येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. गावातल्या दोन मुख्याध्यापकांना आम्ही भेटून आलो. एकाने संस्थेच्या अध्यक्षांना विचारून सांगतो म्हटले आहे. दुसऱ्याने काही न बोलता किल्ली कोणत्या शिपायाकडे असते ते सांगितले, आणि खोलीतला पंखा चालत नाही, तेवढा तुम्ही दुरुस्त करून घ्या, असे म्हटले.